नवा डॅक जोडल्यावर आवाज खरोखर सुधारला, हे कसे ठरवावे?

टिळकवाडीचा श्रोता

गेल्या महिन्यात मी एक नवा डॅक घेतला. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी सांगतो: तबकडीवर किंवा संगणकात आकड्यांच्या रूपात साठवलेल्या ध्वनीचे ॲम्प्लिफायरला समजेल अशा विद्युत संकेतात रूपांतर करणारी ही छोटी पेटी असते. किंमत येथे लिहीत नाही, कारण हा धागा आमच्या घरातही वाचला जातो.

पहिल्या रात्री पेटी जोडली आणि बेळगावजवळच्या आपल्या सुळेभावीत १९२४ साली जन्मलेल्या कुमार गंधर्वांचे एक जुने ध्वनिमुद्रण लावले. तंबोऱ्याच्या चारही तारा वेगवेगळ्या ऐकू येत आहेत, तबल्याच्या बायाला, म्हणजे डग्ग्याला, अंग आले आहे, गळ्याभोवतीची हवासुद्धा जाणवते आहे, असे मला वाटले आणि रात्री अकरा वाजता धाकट्या भावाला फोन करून मी ते सांगितलेही. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र मनात शंका आली. महिनाभर मी या पेटीविषयी वाचत होतो, पैसे साठवत होतो, आणि आवाज सुधारावा अशी माझी मनापासून इच्छा होती. अशा माणसाची साक्ष मी स्वतः तरी कोणत्याही पंचायतीत ग्राह्य धरली नसती.

माझ्या मांडणीत एक सोय आहे. जुन्या सीडी प्लेअरला स्वतःचा ॲनालॉग निर्गम (आउटपुट) आहे, तसाच डिजिटल कोॲक्सियल निर्गमही आहे. त्यामुळे एकच तबकडी एकाच क्षणी दोन वाटांनी ॲम्प्लिफायरपर्यंत नेता येते: एक वाट प्लेअरच्या आतल्या अठरा वर्षांच्या चिपमधून आणि दुसरी नव्या डॅकमधून. ॲम्प्लिफायरची निवडीची कळ फिरवली की वाट बदलते. कळ फिरवून पाहतो तेव्हा नवा डॅक दर वेळी अधिक भरदार वाटतो. या जाणिवेवर कितपत विश्वास ठेवावा, आणि तिची परीक्षा घरच्या घरी कशी घ्यावी, यावर जाणकारांनी लिहावे ही विनंती.

अनगोळचा अभियंता

सर, सर्वांत आधी दोन्ही वाटांची पातळी मोजा. हे केल्याशिवाय पुढची चर्चा निरर्थक आहे.

माणसाच्या कानाला दोन आवाजांत अर्ध्या-एक डेसिबलचा फरक असेल तर तो पुष्कळदा ‘मोठा आवाज’ असा जाणवतच नाही. तो ‘अधिक स्पष्ट’, ‘अधिक भरदार’, ‘अधिक मोकळा’ असा जाणवतो. शिवाय आवाज वाढला की खर्जाकडचे स्वर कानाला तुलनेने जास्त प्रमाणात ऐकू येऊ लागतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्येच हे मोजून दाखवले होते. तुमच्या बायाला आलेले अंग कदाचित एवढ्यानेच आले असेल.

मोजण्यासाठी महागडे उपकरण लागत नाही. संगणकावर ऑडॅसिटी नावाच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ६० हर्ट्झचा सलग स्वर पूर्ण पातळीवर तयार करून तो सीडीवर उतरवा. ६० हर्ट्झच का, तर साधे मल्टिमीटर एसी व्होल्टेज मोजायला घरगुती विजेच्या वारंवारितेजवळच भरवशाचे असतात आणि १००० हर्ट्झला त्यांतील बरेचसे चुकीचे आकडे दाखवतात. मोजताना ॲम्प्लिफायर बंद ठेवा आणि मीटरच्या काड्या थेट आरसीए केबलच्या टोकाला लावा. तो स्वर चुकूनही मोठ्या आवाजात स्पीकरवर वाजवू नका.

दोन वाटांतला फरक ०.१ डेसिबलच्या आत आणायचा, म्हणजे व्होल्टेजमध्ये साधारण एक टक्क्याच्या आसपास.

टिळकवाडीचा श्रोता

आज दुपारी मोजले. जुन्या प्लेअरचा निर्गम १.९८ व्होल्ट आला आणि नव्या डॅकचा २.२३ व्होल्ट. गणित केल्यावर हा फरक १.०३ डेसिबल होतो. थोडक्यात, नवी पेटी पहिल्या दिवसापासून एक डेसिबल चढ्या आवाजात गात होती आणि मी त्यालाच तपशील समजत होतो.

डॅकवर अर्ध्या डेसिबलच्या टप्प्यांनी पातळी कमी करण्याची सोय आहे. दोन टप्पे उतरल्यावर मीटरवर १.९९ व्होल्ट दिसू लागले. त्यानंतर अर्धा तास ऐकले. फरक अजूनही वाटतो, पण आता तो सांगताना जीभ अडखळते.

निपाणीचा जुना श्रोता

आपली सर्वांची चर्चा मी शांतपणे वाचत होतो. चाळीस वर्षे मी संगीत ऐकतो आहे. तबकड्या झाल्या, कॅसेटी झाल्या, सीडी झाली. माझे म्हणणे एवढेच, की हातच्या कंकणाला आरसा कशाला? कानाला गोड लागते तर ते गोड आहे. मल्टिमीटरला यमन कळत नाही.

दुसरे असे, की कळ फिरवून दहा-दहा सेकंदांचे तुकडे ऐकणे म्हणजे संगीत ऐकणे नव्हे. बडा ख्याल अर्धा तास उलगडतो. चांगल्या यंत्राची ओळख मला तरी अशीच पटली आहे, की त्यावर दोन तास ऐकूनही कान थकत नाहीत. तुमच्या घाईच्या परीक्षेत हा थकवा सापडणारच नाही. आणि परीक्षेचे दडपण आले की चांगला विद्यार्थीही उत्तर विसरतो. शिवाय डिजिटल ध्वनी पायऱ्यापायऱ्यांचा असतो आणि चांगला डॅक त्या पायऱ्या घासून गुळगुळीत करतो असे मी वाचले आहे. तो गुळगुळीतपणा कळायला वेळ लागतो.

मलप्रभाकाठची

काका, दीर्घ श्रवणाचा तुमचा मुद्दा मला विचार करण्यासारखा वाटतो, त्याकडे शेवटी येते. पायऱ्यांचा मुद्दा मात्र चुकीचा आहे, आणि मी भौतिकशास्त्र शिकवत असल्यामुळे तो सोडून देणे मला जड जाते.

सीडीवर दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात. नमुना सिद्धांत असे सांगतो, की नमुन्यांच्या दराच्या निम्म्यापर्यंतच्या, म्हणजे येथे २२,०५० हर्ट्झपेक्षा खालच्या, सर्व वारंवारिता त्या नमुन्यांतून जशाच्या तशा परत उभ्या करता येतात. नमुन्यांच्या बिंदूंमधून जाणारी आणि त्या मर्यादेत बसणारी वक्ररेषा एकच असते. डॅकमधला गाळणी-भाग ती रेषा काढतो. स्वस्तातल्या नीट बनवलेल्या डॅकमधूनही पायऱ्या बाहेर येत नाहीत, सलग संकेतच येतो. ज्या चित्रांत जिन्यासारखी रेघ दाखवतात, ती बहुधा जाहिरातींतली असतात.

आता गोंगाटाकडे पाहू. १६ बिटांच्या सीडीत सर्वांत मोठ्या आणि सर्वांत हलक्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचे अंतर मावते. आजच्या चांगल्या डॅकचा स्वतःचा गोंगाट त्याहूनही हलका, म्हणजे कमाल आवाजाच्या ११० ते १२० डेसिबल खाली असतो. उलट आपण ऐकतो ते काय? मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत, तिच्यात सात-आठ हजार हर्ट्झच्या पलीकडे फारसे काही नसते आणि खरखर तर संगीताबरोबरच येते. अब्दुल करीम खाँसाहेब १९३७ मध्ये गेले. त्यांचा आवाज आपल्याकडे याच तबकड्यांतून आला आहे. तंत्रज्ञांनी मूळ तबकडीवरून ध्वनी किती काळजीने उतरवून घेतला, यावर त्या मुद्रणाचा सगळा भरवसा असतो. जे मुद्रणातच नाही ते कोणताही डॅक देऊ शकत नाही. यासाठी परीक्षेला जुने मुद्रण न घेता अलीकडचे, शांत स्टुडिओतले, तंबोरा सुटा ऐकू येणारे मुद्रण घ्यावे. जवारी, म्हणजे तारांचा झणकार, नीट लागलेल्या तंबोऱ्यात इतके वरचे अंशस्वर असतात, की यंत्रात दोष असेल तर तो तिथेच उघडा पडतो.

अशा परीक्षा पूर्वी झालेल्या आहेत. अमेरिकेतील ध्वनिअभियंत्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात २००७ मध्ये एक अभ्यास आला होता. उच्च दर्जाच्या मुद्रणाच्या वाटेत मध्येच १६ बिट, ४४,१०० नमुन्यांचे रूपांतर घालून ते श्रोत्यांना ओळखता येते का, हे त्यात तपासले होते. ५५४ प्रयत्नांत २७६ उत्तरे बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून यावीत तितकीच. आता काकांच्या बाजूचेही सांगायला हवे. २०१६ मध्ये त्याच नियतकालिकात अशा अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा एकूण बरोबर उत्तरे सुमारे ५२.३ टक्के निघाली, आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांत हेच प्रमाण सुमारे ६२ टक्क्यांपर्यंत गेले. फरक अगदीच शून्य आहे असे म्हणता येत नाही. तो फार बारीक आहे आणि सरावाशिवाय बहुतेकांच्या हाती लागत नाही. हे दोन्ही अभ्यास मुद्रणाच्या दर्जाविषयी होते, दोन डॅकांच्या तुलनेविषयी नव्हते, हेही लक्षात ठेवावे.

दीर्घ श्रवणाबद्दल एवढेच म्हणते, की झाकून ऐकणे आणि घाईने ऐकणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डोळे झाकून तीन-तीन दिवससुद्धा ऐकता येते. फक्त कोणती पेटी चालू आहे हे ऐकणाऱ्याला माहीत नसावे.

वडगावचा मागवाला

आमच्या गल्लीत सकाळी सात वाजल्यापासून यंत्रमाग चालतात. त्या खडखडाटात डॅकचा उणे ११५ डेसिबलचा गोंगाट कोणी ऐकून दाखवला तर मी त्याला माझ्या मागावरची पहिली साडी भेट देईन. परीक्षा रात्री घ्या, आणि पाऊस नसताना घ्या.

टिळकवाडीचा श्रोता

मागवाल्यांचे म्हणणे पटले, पण जुलैत बेळगावात पाऊस नसलेली रात्र कुठून आणायची? तरी परवा दोन तास उघडीप मिळाली आणि परीक्षा उरकली. ती सविस्तर लिहितो, कारण तिच्यात मी एकदा चांगलाच फसलो.

माझी मुलगी मदतीला होती. तिने आधीच सोळा वेळा नाणे उडवून छाप-काट्याची यादी तयार केली आणि ती मला दाखवली नाही. मी स्पीकरकडे तोंड करून बसलो. ॲम्प्लिफायर बाजूला होता आणि त्याच्यापुढे चादर टांगली होती. प्रत्येक प्रयत्नात तिने आधी जुनी वाट, मग नवी वाट नावानिशी ऐकवली आणि शेवटी यादीप्रमाणे दोहोंपैकी एक नाव न सांगता लावली. मी ‘जुनी’ किंवा ‘नवी’ असे कागदावर लिहायचे. सोळापैकी बारा बरोबर आली तर ते निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता चार टक्क्यांहून कमी असते, म्हणून बारा हा पल्ला आम्ही आधीच ठरवून ठेवला.

माझी तेरा उत्तरे बरोबर आली.

निपाणीच्या काकांना लगेच कळवावे म्हणून फोन हातात घेतला होता. तेवढ्यात मुलगी म्हणाली, “बाबा, तुम्ही उत्तर गाणं सुरू व्हायच्या आधीच लिहीत होता.” तिचे म्हणणे खरे होते. निवडीच्या कळीवर जुन्या वाटेची जागा ट्यूनरच्या, म्हणजे रेडिओच्या, जागेपासून एका टिचकीवर होती आणि नव्या वाटेची तीन टिचक्यांवर. दर वेळी ती कळ ट्यूनरवर नेऊन परत फिरवत असे आणि माझे कान, माझ्याही नकळत, टिचक्या मोजत होते. माझ्या कानांना श्रेय द्यायचेच तर टिचक्या मोजण्याचे द्यावे लागेल.

मग केबली बदलल्या. एक वाट ट्यूनरच्या डाव्या बाजूला आणि दुसरी उजव्या बाजूला घेतली, म्हणजे दोन्हीकडे एकच टिचकी. यादी नवी केली. तबकडी मलप्रभाताईंनी सांगितल्याप्रमाणे अलीकडची, तंबोरा सुटा ऐकू येणारी घेतली. या वेळी सोळापैकी नऊ बरोबर आली. त्याच रात्री मुलगीही बसली. तिची सात आली. तिचे वय वीस आहे आणि तिचे कान माझ्यापेक्षा नक्कीच तरुण आहेत.

अनगोळचा अभियंता

टिचक्यांची गोष्ट फार मोलाची आहे. लोक चाचणी फसली तर कानांना दोष देतात आणि चाचणी जमली तर यंत्राला श्रेय देतात. मधली कळ कोणी तपासत नाही.

पण यावरून ‘सगळे डॅक सारखेच’ असा निष्कर्ष काढू नये. जिथे फरक खरोखर ऐकू येतो अशा जागा मला माहीत आहेत. काही शौकीन मुद्दाम जुन्या पद्धतीचे, अतिरिक्त नमुने न घेणारे डॅक वापरतात. त्यात गाळणी जवळजवळ नसते, आणि गणितानेच १०,००० हर्ट्झला पाऊण डेसिबल व २०,००० हर्ट्झला तीन डेसिबलहून थोडी अधिक घट होते. त्यांना जो ‘मऊपणा’ आवडतो तो हाच. आवडण्यात गैर काही नाही, मात्र हा वरच्या पट्टीतला उतार आहे, सुधारणा नव्हे. दुसरी जागा म्हणजे चार व्होल्टपर्यंत निर्गम देणारे डॅक. जुन्या ॲम्प्लिफायरचे प्रवेशमंडल तेवढ्याने तुडुंब भरून विकृती येऊ शकते. तिसरी आणि सर्वांत नेहमीची जागा म्हणजे संगणकाच्या मदरबोर्डवरची आवाजाची खोबण (ऑडिओ जॅक). माउस हलवला की कुईकुई, पडद्यावरचे चित्र बदलले की सरसर. तिथे बाहेरचा डॅक लावला तर लहान मूलही फरक सांगेल.

चिपच्या नावावरून भांडणाऱ्यांसाठी एक जोड देतो. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमध्ये नोबेओका येथील, डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली आणि अनेक डॅक बनवणाऱ्यांना आपल्या पेट्यांतली चिप बदलून दुसऱ्या कंपनीची घ्यावी लागली. निर्गमाचे मंडल, वीजपुरवठा आणि जमिनीची जोडणी (अर्थिंग) नीट असेल, तर चिपवरचे नाव ऐकून ओळखणारा माणूस मला अद्याप भेटलेला नाही.

टिळकवाडीकर सर, तुमच्या खोलीची मापे काय आहेत?

टिळकवाडीचा श्रोता

बारा फूट बाय चौदा फूट. खाली ग्रॅनाइट, वर सिमेंटचा स्लॅब, भिंती रिकाम्या. खुर्ची मागच्या भिंतीला टेकून आहे, कारण पुढे फारशी जागा नाही.

अनगोळचा अभियंता

मग उत्तर त्यातच आहे. बारा फूट म्हणजे ३.६६ मीटर. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर या अंतरात ४७ हर्ट्झच्या आसपास पहिला अनुनाद उभा राहतो आणि चौदा फुटांत ४० हर्ट्झच्या आसपास. मागच्या भिंतीला टेकून बसले की त्या दिशेचा अनुनाद सर्वांत जोरात ऐकू येतो. अशा खोलीत एका जागेवरून दुसऱ्या जागेवर जाताना खर्जाकडे दहा डेसिबलचा चढउतार सहज सापडतो. एका डेसिबलसाठी तुम्ही पेटी विकत घेतलीत. खुर्ची दोन फूट पुढे ओढली तर त्याहून मोठा बदल फुकट मिळेल. मागच्या भिंतीवर घरातली जुनी जाड वाकळ टांगून पाहा. तिने खर्ज आवरणार नाही, पण टाळी वाजवल्यावर येणारा झणझणाट नक्की कमी होईल.

निपाणीचा जुना श्रोता

पाच आठवड्यांनी लिहितो आहे, कारण ताईंनी सुचवलेली दीर्घ परीक्षा मी खरोखर केली. न करता बोलणे मला योग्य वाटेना.

माझ्याकडे संगणक आहे. त्याच्या मदरबोर्डच्या साध्या खोबणीतून एक केबल, आणि त्याच संगणकाच्या ऑप्टिकल निर्गमातून माझा डॅक, अशा दोन वाटा. पातळ्या नातवाने मीटरने जुळवल्या. कपाटाला पडदा लावला. दर तीन दिवसांनी तो नाणे उडवून वाट ठेवायचा किंवा बदलायचा आणि मी रोज संध्याकाळी नेहमीप्रमाणे दोन तास ऐकायचो. घाई नाही, दडपण नाही. असे आठ टप्पे झाले. आठपैकी सात मी बरोबर ओळखले. टिळकवाडीकरांच्याच हिशेबाने असे निव्वळ नशिबाने होण्याची शक्यता साडेतीन टक्के येते.

आता पुढचे ऐका. कोणत्या खुणेने ओळखले, हे मी वहीत लिहून ठेवले होते. प्रत्येक ठिकाणी एकच टीप होती: ‘आलाप सुरू होण्याआधी मागे गूं’. थकवा, गोडवा, गुळगुळीतपणा यांपैकी काहीही लिहिलेले नव्हते. हे वाचून माझा मीच चकित झालो. अनगोळच्या साहेबांना फोटो पाठवले, तेव्हा त्यांनी टीव्हीच्या डिशची केबल काढून पाहायला सांगितले. सेट-टॉप बॉक्स त्याच ॲम्प्लिफायरला जोडलेला आहे आणि डिशची केबल गच्चीवरून वेगळी जमीन घेऊन खाली येते. दोन जमिनी झाल्या की त्यांच्यामधून ५० हर्ट्झचा गूं फिरतो. ऑप्टिकल वाटेत तांब्याची तारच नसल्याने तो संगणकामार्गे पोहोचत नव्हता. केबल काढली आणि साध्या खोबणीचाही गूं गेला. नातवाला तेवढी सवड नसल्याने पुन्हा आठ टप्पे दर संध्याकाळी एक असे घेतले. या वेळी चार बरोबर आले.

माझे सगळे मत बदलले असे मी म्हणणार नाही. दोन तास कान न थकणे ही माझ्या लेखी आजही चांगल्या यंत्राची खूण आहे. पण झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी उघडून पाहिली आणि आत डिशची केबल निघाली, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

मलप्रभाकाठची

काका, आमच्या शाळेत प्रयोगवही अशी लिहिणारी मुले मला वर्षाला दोन मिळाली तरी मी समाधानी असते. एकच विचारते: दुसऱ्या फेरीत टप्पे तीन दिवसांचे नव्हते, एका संध्याकाळचे होते. तुमचा मूळ आक्षेप घाईविषयीच होता, म्हणून ती फेरीसुद्धा तीन-तीन दिवसांची व्हायला हवी.

निपाणीचा जुना श्रोता

बरोबर आहे. गणपतीत नातू सुट्टीवर येईल, तेव्हा सुरू करतो. तोवर डिशची केबल काढलेलीच ठेवली आहे. त्यावरून घरात मालिकांच्या वेळी जे ऐकावे लागते ते अर्थातच झाकून ऐकता येत नाही.

टिळकवाडीचा श्रोता

खुर्ची दोन फूट पुढे घेतली आणि वाकळ टांगली. हा फरक ओळखायला चादरही लागली नाही आणि नाणेही लागले नाही, स्वयंपाकघरातून सौभाग्यवतींनी विचारले, “आज काय नवीन आणलं?” डॅक परत करण्याची मुदत उलटून गेली आहे. तो आता मुलीच्या संगणकाला लावला आहे, कारण तिच्या खोबणीत माउस हलवला की खरोखरच कुईकुई होते. काकांच्या पुढच्या फेरीची वाट पाहतो.